ओळख कालची, गाडी आजची: देवगिरी आणि वेरूळ एका दिवसात

संभाजीनगरच्या स्टेशनजवळच्या डॉर्मिटरीत रात्री साडेनऊच्या सुमाराला एक संवाद हमखास होतो. कुणी चार्जर शोधत असतं, कुणी पाय दाबत बसलेलं असतं आणि कोपऱ्यातल्या कॉटवरून प्रश्न येतो, "उद्या वेरूळला कोण कोण आहे?" पाच मिनिटांत चार डोकी जमतात, दहाव्या मिनिटाला गाडी ठरते. आणि सकाळी, ज्यांचं आडनावही धड माहीत नाही अशा तिघांबरोबर आपण दिवसभरासाठी एका गाडीत कोंडले जातो.

मी नाशिकची. तपोवन एक्स्प्रेस पकडून इकडे येणं होतं, बहुतेक वेळा एकटीच. अशा उसन्या सोबतीनं देवगिरी-वेरूळचा रस्ता मी आजवर चारदा केला. दोन दिवस झकास गेले, एक बरा गेला, आणि एका दिवशी परतताना गाडीत रेडिओ सोडून कुणीच बोलत नव्हतं. त्या दिवसांतून जे हाती लागलं ते क्रमानं सांगते. ठिकाणांची माहिती ओघानं येईलच, पण अशा सहली लेण्यांमुळे बिघडत नाहीत, न बोललेल्या गोष्टींमुळे बिघडतात. त्यामुळे जास्त जागा त्यांनाच.

आधी वार बघा

वेरूळ मंगळवारी बंद असतं. अजिंठा सोमवारी. हे दोन वार भल्याभल्यांचे उलटे होतात आणि मग लोक वेरूळच्या फाटकाशी मंगळवारी सकाळी हात कमरेवर ठेवून उभे दिसतात. सोमवारी वेरूळ उघडं असतं खरं, पण घृष्णेश्वराला गर्दी. श्रावणातला सोमवार असेल तर रस्त्यापासूनच. शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला लोटतात. शनिवार-रविवारी दौलताबादच्या, म्हणजे देवगिरी किल्ल्याच्या गावाच्या, जुन्या वेशीत गाड्या अडकतात. उरले बुधवार, गुरुवार, शुक्रवार. रजा टाकायचीच असेल तर यांतली टाका.

नव्या सोबत्यांपैकी एखादा हमखास म्हणतो, "अजिंठा पण करूया ना त्याच गाडीत!" नाही म्हणा, आणि तिथल्या तिथं म्हणा. वेरूळ शहरापासून 30 किलोमीटर, अजिंठा साधारण 100, आणि तोही वेगळ्याच रस्त्यानं. एका दिवसात दोन्ही करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना दोन्हीकडचं पार्किंग चांगलं आठवतं.

महिना म्हणाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात डोंगर हिरवा होतो, वेरूळला धबधबा कोसळतो आणि दगड शेवाळतात. एप्रिल-मे मध्ये नवी मैत्री करायला जाऊ नये. चाळीस अंशांत जुनी टिकवणंही अवघड असतं.

सोबत निवडताना

चार माणसं हा उत्तम आकडा. तीनही चालतात, खर्च थोडा वाढतो एवढंच. पाच झाली की मोठी गाडी लागते, आणि पाच जणांचं जेवणाच्या जागेवर कधीच एकमत होत नाही.

आदल्या रात्री चहा प्यायला चौघांनी खाली उतरावं. पंधरा मिनिटं पुरतात. त्या गप्पांत चार गोष्टी काढून घ्यायच्या. किल्ला वरपर्यंत चढायचा आहे की पायथ्याशीच बघायचा? परतीची गाडी किती वाजता आहे? गाडीत कुणाला मळमळतं का? आणि देवळात किती वेळ लागेल? शेवटचा प्रश्न विचारायला लोक संकोचतात. पण एकाला अभिषेक करायचा असेल आणि दुसऱ्याला लेण्यातल्या एकेका शिल्पाचं रेखाटन करायचं असेल, तर हे रात्री कळलेलं बरं. दुपारी दीड वाजता उन्हात कळलं तर त्याचं भांडण होतं.

उत्तरांइतकंच उत्तर देण्याची पद्धतही बघा. "मला काहीही चालेल" म्हणणाऱ्या माणसाची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते. त्याला काय चालत नाही ते आपल्याला संध्याकाळी कळतं.

एकट्या बाईनं काय करावं, हे मला मैत्रिणी नेहमी विचारतात. मी गाडीच्या पाटीचा फोटो काढून घरी पाठवते, लाइव्ह लोकेशन चालू ठेवते, आणि हे सगळ्यांसमोर, उघडपणे करते. "आईला सवय आहे," एवढंच सांगायचं. कुणी त्यावर हसलं किंवा टोमणा मारला, तर त्या माणसाविषयी फुकटात माहिती मिळाली. आपण कुठं उतरलोय, खोली कुठली, एकटीच का फिरते, हे पहिल्या दिवशी सांगायची गरज नसते. 112 नंबर पाठ असावा. आणि मन एकदा जरी "नको" म्हणालं, तर पोट बिघडल्याचं सांगून मोकळं व्हावं. मध्यवर्ती बसस्थानकावरून खुलताबाद-वेरूळकडे एसटी जातात, काळी-पिवळी जीपही मिळते. गाडी चुकली म्हणून वेरूळ चुकत नाही. हा दुसरा रस्ता मनात असला की नाही म्हणायला धीर येतो.

गाडी ठरवताना

शहरातल्या गाडीवाल्यांचं ठरलेलं माप असतं: आठ तास, ऐंशी किलोमीटर. अंतराचा प्रश्न येत नाही, कारण शहर, दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ आणि परत हा फेरा साधारण 65 ते 70 किलोमीटरचा होतो. तास मात्र पुरत नाहीत. सकाळी साडेसातला निघालात आणि वेरूळला संध्याकाळचं ऊन बघायला थांबलात की अकरा तास होतात. म्हणून भाडं ठरवताना पहिला प्रश्न जादा तासाच्या दराचा. मग पार्किंग कुणाकडे, ड्रायव्हरचं जेवण कुणाकडे, गाडीत एसी चालू राहणार का. बोलणं झालं की तेच व्हॉट्सअॅपवर लिहून त्याला पाठवा आणि "हो" असं उत्तर येऊ द्या.

नंबरप्लेट बघा. पिवळ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे भाड्याची टॅक्सी. काळ्या पाटीवर पिवळे म्हणजे स्वतः चालवायला भाड्यानं मिळणारी गाडी. पांढरी पाटी ही खासगी गाडी. डॉर्मिटरीत भेटलेला मुलगा स्वतःच्या गाडीनं निघाला असेल आणि आपण पेट्रोलचा वाटा उचलला तर ती सोबत झाली. पण पांढऱ्या पाटीची गाडी कुणी भाड्यानं देत असेल तर घेऊ नका. अपघात झाल्यावर विमा कंपनी काय म्हणेल ते ऐकायची वेळ येऊ नये. आपल्यापैकीच कुणी चालवणार असेल तर लायसन्स नुसतं आहे का हे न विचारता शेवटची गाडी कधी चालवली ते विचारा. सीटबेल्ट मागच्यांनीही लावायचे आहेत, नियमच आहे.

आणखी एक वाक्य भाडं ठरवतानाच बोलून टाकायचं: "भाऊ, मध्ये दुकानात थांबायचं नाही." हिमरू आणि पैठणी ही इथली खरीखुरी कला आहे, जरूर घ्या, पण आपल्या वेळी, आपल्या पायांनी जाऊन. दुकानापाशी गाडी लागली की चौघांतल्या एकाला शाल आवडते, उरलेले तिघं पंख्याखाली बसून तासभर पाणी पितात.

बसण्याचं गणित छोटं वाटतं, पण दिवसभर टोचतं. मागची मधली सीट ही शिक्षा आहे आणि ती आळीपाळीनंच भोगायची. प्रत्येक थांब्यानंतर एक घर सरकायचं. पुढची सीट मळमळणाऱ्याला, किंवा गुडघे दुखणाऱ्याला.

पैशांचं बोलणं दार लागायच्या आत

आपल्याकडे पैशाचं बोलायला संकोच, आणि नव्या माणसाशी तर फारच. "अहो राहू दे, बघू नंतर" हे वाक्य ऐकायला गोड लागतं. ज्या दिवशी परतताना रेडिओ वाजत होता तो दिवस याच वाक्यानं सुरू झाला होता. चौघांपैकी एकजण वेरूळहूनच पुढे कन्नडकडे निघाला, आणि "मी अर्धाच आलो, तर अर्धेच देणार" म्हणाला. गाडी तर पूर्ण दिवसाची होती. त्याचंही म्हणणं त्याच्या जागी बरोबर होतं, कारण आधी कुणी काही बोललंच नव्हतं.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. एक खजिनदार. निघण्याआधी प्रत्येकानं त्याच्याकडे पाचशे रुपये टाकायचे. गाडी, पार्किंग, ड्रायव्हरचं जेवण आणि चहा हे सामाईक, त्याचे सरळ चार भाग. तिकीट, जेवण, देवळातला खर्च, खरेदी ज्याचं त्याचं. मध्येच कुणी उतरला तरी गाडीचा वाटा पूर्ण. समजा गाडी 3,200 ला ठरली, पार्किंग 150, ड्रायव्हरचं जेवण 150, चहा 100. एकूण 3,600, माणशी 900. पाचशे दिलेले असतातच, संध्याकाळी चारशे उरतात. खजिनदारानं फोनमध्ये नोंद ठेवायची आणि दुपारच्या जेवणानंतर एकदा वाचून दाखवायची. वाचून दाखवणं महत्त्वाचं, कारण लोक आकड्यांवर रागावत नाहीत, आकडे न दिसण्यावर रागावतात.

तिकीट सामाईक का नको, ते मला लिस्बनहून आलेल्या एका मुलामुळे कळलं. पुरातत्त्व खात्याच्या दरांत वेरूळ भारतीयांना 40 रुपये, परदेशी पाहुण्याला 600. देवगिरीला 25 आणि 300. म्हणजे आमचे 65 आणि त्याचे 900. चौघांत वाटून टाकू असं उदारपणे म्हणणारे आमच्या गाडीतले नागपूरचे काका हा आकडा ऐकून काही क्षण शांतच झाले. दर बदलत असतात, निघण्यापूर्वी एकदा बघून घ्या. 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. फाटकाशी कोड स्कॅन करून फोनवरच तिकीट काढता येतं आणि खिडकीपेक्षा थोडं स्वस्त पडतं.

सकाळ: देवगिरी

बरेच ड्रायव्हर आधी वेरूळला नेऊ बघतात. ऐकू नका. किल्ला चढायचा असतो, तो उन्हाच्या आधी. आणि वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, तिथं खरा उजेड दुपारनंतर शिरतो. म्हणून सकाळी देवगिरी, संध्याकाळी वेरूळ. या क्रमाबद्दल मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

पोहे शहरातच खाऊन घ्या. किल्ला 15 किलोमीटरवर. खिडकी उघडताना दारात असावं, वेळ ड्रायव्हरला आदल्या रात्रीच विचारून ठेवावी.

गाडीतून उतरताना तीन गोष्टी. ड्रायव्हरचा नंबर चौघांच्याही फोनमध्ये हवा. गाडी नेमकी कुठं उभी राहणार ते त्याच्या तोंडून ऐकायचं. आणि औषधं, पाणी, टॉर्च अंगावर घ्यायचं, डिकीत ठेवायचं नाही. हे तिसरं आम्ही काकांच्या गुडघ्यातून शिकलो. ते अर्ध्यावरून परत फिरले, भारतमाता मंदिराच्या खांबाला टेकून बसले. गोळ्या गाडीत. ड्रायव्हर चहाला गेलेला. त्याचा नंबर फक्त माझ्याकडे आणि मी डोंगराच्या पोटात, जिथं रेंजच नाही. पावणेदोन तास त्यांनी माकडं मोजली. रागावले मात्र नाहीत. "बावीस होती, त्यातली चार लबाड," एवढंच म्हणाले.

तर चढण्यापूर्वी भेटीची जागा आणि वेळ ठरवा. "साडेदहाला चांदमिनारच्या पायाशी" असं. फोन लागो न लागो, चांदमिनार हलत नाही. चौघांनी एकत्रच चढायचं हा हट्ट सोडा. ज्याची चाल जलद त्यानं पुढं जावं.

किल्ल्याविषयी थोडक्यात. यादवांचा पाचवा भिल्लम यानं 1187 च्या सुमाराला इथं राजधानी वसवली. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला. 1327 मध्ये मुहम्मद बिन तुघलकानं दिल्लीची राजधानी इथं हलवली आणि देवगिरीचं दौलताबाद झालं. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह चिनी महालात कैदेत होता. संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी इथले किल्लेदार. एवढं माहीत असलं की दगड बोलायला लागतात. मेंढा तोफेच्या मागच्या टोकाशी मेंढ्याचं डोकं आहे, ते न बघता परतणारे पुष्कळ.

मग येते अंधारी. खंदकावरचा पूल ओलांडला की डोंगराच्या पोटातून जाणारा वळणावळणाचा जिना. इथं जरा थांबून सांगते, कारण नव्या माणसांची खरी ओळख इथंच होते. पायऱ्या एकसारख्या नाहीत. एक पाऊलभर, तर पुढची गुडघ्याएवढी. दहा-बारा पायऱ्यांनंतर मागचा उजेड संपतो. वटवाघळांचा उग्र वास नाकात बसतो आणि डोक्यावर कुठंतरी चिरचिर चालू असते. माझ्या पुढं कोझिकोडची आर्किटेक्चर शिकणारी मुलगी होती, सकाळपासून सगळ्यात जास्त बडबड तिचीच. तिसऱ्या वळणावर तिची बडबड थांबली. टॉर्च पायाशी धरला तर ती भिंतीला पाठ लावून उभी, श्वास भराभर. अशा वेळी "अगं काही नाही, चल" हे म्हणायचं नसतं. लिस्बनवाला पुढून दोन पायऱ्या खाली आला आणि मोठ्यानं मोजायला लागला, पोर्तुगीजमध्ये. उम्, दोइश, त्रेश. प्रत्येक आकड्याला एक पायरी. तिनं मल्याळममध्ये सुरू केलं, मी मराठीत. सदतीसपर्यंत आलो तेव्हा वळणावर उजेडाची फट दिसली.

त्यावरून दोन सूचना. बंद जागेची भीती असेल तर ते आधी सांगा, यात कमीपणा काही नाही, खालचा किल्लाही दोन तास पुरेल एवढा आहे. आणि टॉर्च प्रत्येकाकडे वेगळा हवा. फोनचा चालतो, पण मग तो हात जिन्याला धरायला मोकळा राहत नाही. कपाळावर बांधायचा छोटा टॉर्च उत्तम. वटवाघळांवर तो रोखू नका.

वर बारादरी, वारा, आणि खाली आपली गाडी काडेपेटीएवढी. सावकाश चढून-उतरून पावणेतीन तास धरा. दौलताबादच्या आसपास दिवाळीच्या सुमाराला रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या लागतात. घ्या, पण गाडीत खाऊ नका. बिया आणि चिकट हात ड्रायव्हरच्या वाट्याला येतात.

मधला रस्ता

दौलताबादहून खुलताबादकडे निघताना रस्ता जुन्या अरुंद दरवाज्यातून जातो. समोरून एसटी आली की सगळं ठप्प. एकदा अर्धा तास तिथं अडकलो, मी सारखी घड्याळ बघत होते. ड्रायव्हरमामा काच खाली करून शांतपणे म्हणाले, "घाई नको करो ताई, दरवाजा सातसौ साल से यहीच है." शहरातल्या हिंदीतला तो 'नको' कोझिकोडच्या मुलीला इतका आवडला की दिवसभर ती प्रत्येक गोष्टीला 'नको' म्हणत राहिली, चहालासुद्धा.

वाटेत कागजीपुरा लागतं, हातकागद बनवणाऱ्या कारागिरांचं गाव. वेळ असेल तर वीस मिनिटं थांबण्यासारखं.

खुलताबादेत एका तासावर वेळ घालवू नका, पण तो तास टाळूही नका. मलिक अंबरची कबर इथं आहे. शेख झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची साधी, उघडी कबर आहे. पलीकडच्या दर्ग्यात पहिल्या निजामाची. डोकं झाकायला रुमाल जवळ ठेवा, चपला बाहेर. आणि हो, इथं गाडीत राजकारण पेटायची शक्यता सर्वांत जास्त असते. तुमचं मत काहीही असो, दर्ग्याच्या दारात आणि कालच भेटलेल्या माणसांसमोर ते मांडायची गरज नाही. बघा, वाचा, पुढं चला. वाद घालायचाच असेल तर तो रात्रीच्या जेवणानंतरचा ठेवा. तोवर एकमेकांचा स्वभाव कळलेला असतो आणि पळून जायला आपापल्या कॉट असतात.

भद्रा मारुतीची मूर्ती निजलेली आहे. मारुती असा क्वचितच दिसतो, त्यामुळे देवभक्त नसलेलेही बघायला येतात.

तिथून वेरूळ चार-पाच किलोमीटर. जेवण वेरूळ गावात, लेण्यांत शिरण्यापूर्वी. ड्रायव्हरला आपल्याच टेबलावर बोलवा. तो बहुतेक नको म्हणेल, मग त्याचं ताट आधी सांगून त्याच्या जागी जाऊ द्या. आपण जेवेपर्यंत त्याला ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही, आणि उपाशी ड्रायव्हर घाटात घाई करतो.

घृष्णेश्वर लेण्यांपासून किलोमीटरभर. बारा ज्योतिर्लिंगांतलं हे एक. देवळाचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात होळकरांकडून झाला. त्याच्याही आधी मालोजीराजांनी या देवळाकडे लक्ष दिलं होतं. वेरूळ हे भोसल्यांचं गाव. गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगानं जावं लागतं, आत मोबाइल नेता येत नाही. ज्यांना दर्शन घ्यायचं त्यांनी घ्यावं, ज्यांना नको त्यांनी सगळ्यांचे फोन सांभाळत बाहेर बसावं. दर्शनाची रांग एक तासाच्या वर दिसली तर गट तिथंच फोडा. दोघं रांगेत, दोघं लेण्यात, आणि भेट चार वाजता कैलासच्या दारात.

दुपार: वेरूळ

34 लेणी आहेत. 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. चौतीसच्या चौतीस करायची प्रतिज्ञा नव्या ग्रुपनं करू नये. पाच निवडा. माझी पाच: 10, 12, 16, 29 आणि 32.

फाटकातून आत गेलं की समोरच 16 नंबर, कैलास. सगळे थेट आत घुसतात. तुम्ही घुसू नका. त्याच्याकडे पाठ करा, हवं तर डोळे झाका, आणि दक्षिणेकडे वळून आधी बौद्ध लेण्यांकडे जा. दहावं लेणं, ज्याला गावातले सुताराची झोपडी म्हणतात, तिथं छताला लाकडाच्या वाशांसारख्या कमानी दगडात कोरल्या आहेत. खाली उभं राहून हळू आवाजात एक स्वर लावला तर तो छतावर फिरून परत येतो. एकानं गावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, चौघांनी एकदम ओरडू नये. बारावं तीन मजली, त्याच्या वरच्या मजल्यावरची बुद्धांची ओळ थंड सावलीत बसून बघण्याची.

जैन लेणी किलोमीटरभर उत्तरेला आहेत. आवारातली बस मिळाली तर घ्या. नाहीतर गाडीनं जा, ऊन फार असतं. 32 म्हणजे इंद्रसभा, वरच्या मजल्यावर छतातलं कमळ चुकवू नका. येताना 29, तिथं दरीत पावसाळी धबधबा पडतो.

मग चारनंतर कैलास. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकातलं हे काम. वरून खाली कोरत आणलेलं, बांधलेलं नव्हे. अंगण 276 फूट लांब आणि 154 फूट रुंद. आकडा ऐकून काही होत नाही, म्हणून आधी बाजूच्या पायवाटेनं डोंगरावर चढून वरून बघा. मंडपाच्या छतावर कमळ आहे आणि त्यावर सिंह. कड्याच्या फार जवळ जाऊ नका, सेल्फीसाठी तर अजिबात नाही. मग खाली या. दक्षिणेच्या बाजूला रावण कैलास हलवतोय ते शिल्प आहे, पार्वती घाबरून शंकराला बिलगलेली आणि शंकर मात्र निवांत. पाच वाजता तिरपं ऊन आत येतं आणि दगड गुळाच्या रंगाचा होतो.

गाईड घ्यावा का? कैलासपुरता घ्यावा. अधिकृत ओळखपत्र बघा. पैसे गटाचे ठरतात, माणशी नाही, त्यामुळे चौघांत परवडतो. पण चौघांनाही हवा असेल तरच, कारण अर्धं लक्ष देणारे दोघं असले की गाईडही कंटाळतो.

कैलासच्या आत चौघांनी तासभर वेगवेगळं फिरावं असं मी मुद्दाम सुचवते. दिवसभर एकमेकांच्या अंगावर बसलेल्या माणसांना याची फार गरज असते. कुणी ऐकतं, कुणी नाही. काका एका हत्तीच्या सावलीत झोपले होते.

फोटोंचं एक. दुसऱ्याचा चेहरा असलेला फोटो कुठंही टाकण्यापूर्वी त्याला विचारा. कुणी घरी न सांगता आलेलं असतं, कुणी ऑफिसात आजारी असतं. माकडांच्या हाती बिस्किटाचा पुडा आणि रंगीत दगड विकणाऱ्यांच्या हाती आपलं "बघू परत येताना" हे वाक्य, दोन्ही देऊ नका.

परतीचा चहा

लेणी बंद होईपर्यंत आत राहा आणि मग शहराकडे निघा. शहरात शिरण्याआधी शरणापूर फाट्याच्या आसपास चहाला थांबायचं. हिशोब इथं, टेबलावर. हॉटेलवर पोचल्यावर करू म्हटलं की एकाचा फोन बंद पडतो, दुसऱ्याला आंघोळीची घाई होते. खजिनदार आकडा वाचतो, प्रत्येकजण समोरच पाठवतो, आवाज येतो, झालं. ड्रायव्हरला भाड्याव्यतिरिक्त काही द्यायचं ठरलं तर तेही याच चहावर, सगळ्यांच्या संमतीनं. फोटोही तिथंच पाठवून घ्या. उद्या पाठवतो म्हणणाऱ्याकडे माझे 2019 चे फोटो अजून आहेत.

उतरताना ज्याला जिथं हवं तिथं उतरू द्या. दारापर्यंत सोडायचा आग्रह करू नका, आणि आपल्याला नको असेल तर चौकातच उतरा.

बीबी का मकबरा याच दिवशी उरकायचा मोह सगळ्यांना होतो, शहरातच तर आहे. मी म्हणते दुसऱ्या दिवशी सकाळी, रिक्षानं, ज्याला जाग येईल त्यानं. त्या रात्री आम्ही असंच ठरवलं आणि मला वाटलं कुणी उठणार नाही. सहाला खाली आले तर काका जिन्यावर बसून बुटाची नाडी बांधत होते. गुडघ्याला क्रेप बँडेज, खिशात गोळ्यांचं पाकीट.